पायथागोरस, बौधायन आणि सहा इंची भाकरी

पायथागोरस की बौधायन, या भांडणाचा मला आता मनापासून वीट आलाय. भांडण आहे म्हणून नव्हे हो, भांडल्याशिवाय आपल्याला जेवण कुठे पचतं? वीट याचा आलाय की दोन्ही बाजूंनी बाह्या सरसावून उभे असलेल्यांना ज्या गोष्टीवरून भांडण चाललंय ती गोष्टच येत नाही. वडिलोपार्जित जमिनीचा दावा तीन पिढ्या लढवायचा आणि जमीन काळी की मुरमाड ते एकानेही जाऊन बघायचं नाही, तसला हा प्रकार.

ताजा प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही सात जण पन्हाळ्याला गेलो होतो. सातही इंजिनियर. (पुण्यातून शनिवारी पहाटे निघणाऱ्या कुठल्याही गाडीत डोकावा. सहा इंजिनियर असतात आणि सातवा एमबीए केलेला इंजिनियर.) धुकं असं की तीन दरवाजाला दरवाजे खरंच तीन आहेत का, हे हात लावून मोजायची वेळ. मग काय, बसलो एका टपरीवजा हॉटेलात. चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा, दही. आणि नेमका तेव्हाच एकाच्या फोनवर तो फॉरवर्ड आला. तुम्हालाही आलेला आहे तो. पायथागोरसच्या कितीतरी आधी आपल्या बौधायनाने हे सांगितलं होतं, गोऱ्यांनी चोरलं, अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

झालं. टेबलाचे दोन तट. एका तटाची छाती फुगली. दुसऱ्या तटाने "हो हो, आणि पुष्पक विमानाला ब्लूटूथ पण होतं" छाप विनोद सुरू केले. अर्धा तास हे चाललं. शेवटी मी बिलाचा कागद उलटा करून मधे ठेवला आणि म्हटलं, कुणाचं का असेना, सिद्ध करून दाखवा.

शांतता. मग आरतीसारखं एका सुरात "ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर इज इक्वल टू सी स्क्वेअर". अरे ते वाक्य झालं, ते खरं का आहे? एकाने "पक्ष : त्रिकोण एबीसी मध्ये कोन बी काटकोन आहे" इतकं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. दुसरा म्हणाला, गूगल कर ना. तिसऱ्याने मात्र हळूच विचारलं, "पण वर्गच का? घन का नाही, नुसत्या बाजूंची बेरीज का नाही?" आणि बाकीचे त्याला हसले.

माझं भांडण या हसण्याशी आहे. अख्ख्या टेबलावर एकच माणूस गणित करत होता आणि सगळे त्यालाच हसले. आमच्यातल्या प्रत्येकाने बारावी, सीईटी, चार वर्षांचं इंजिनियरिंग, एम-वन, एम-टू, एम-थ्री असं सगळं पास केलेलं आहे. हे वाक्य प्रत्येकाने हजार वेळा वापरलं असेल. वापरलं, पाहिलं नाही कुणी.

आता आधी तो वारसाहक्काचा दावा निकालात काढू, म्हणजे मुद्द्यावर येता येईल. बौधायन शुल्बसूत्र इसवी सनापूर्वी साधारण ८०० ते ५०० या काळातलं मानतात. पायथागोरस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, आणि त्याच्या हातचं लिहिलेलं एक अक्षर शिल्लक नाही. म्हणजे 'आधी कोण' मध्ये आपलं पारडं जड दिसतं. पण थांबा. बॅबिलोनियाची एक मातीची वीट आहे, प्लिम्प्टन ३२२ नावाची, सध्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असते. तिचा काळ इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासचा, आणि तिच्यावर काटकोन त्रिकोणात बसणाऱ्या पूर्ण संख्यांचं चक्क टेबल कोरलेलं आहे. मग आता काय, इराकचा झेंडा लावायचा फॉरवर्डवर?

२०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे तेव्हाचे केंद्रीय विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री हर्षवर्धन यांनी सांगितलं की हे प्रमेय आपलंच, आपण मोठ्या मनाने श्रेय ग्रीकांना दिलं. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या एका शैक्षणिक टिपणात तर पायथागोरसचं प्रमेय ही 'फेक न्यूज' म्हणून निघालं. यावर वर्तमानपत्रांतून आणि फेसबुकावरून जे रण माजलं त्यात बौधायनाने नेमकं काय म्हटलंय हे किती जणांनी सांगितलं? अभिमानवाल्यांनी नाही आणि टिंगलवाल्यांनी तर नाहीच नाही.

तर ते सांगतो. बौधायनाच्या सूत्रात त्रिकोण नाहीच! त्यात आहे आयत, आणि एक दोरी. शुल्ब म्हणजेच दोरी. सूत्राचा भावार्थ असा की आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जेवढं क्षेत्र निर्माण करते, तेवढंच आयताची लांबी आणि रुंदी वेगवेगळी मिळून निर्माण करतात. क्षेत्र! म्हणजे कर्णाच्या दोरीला बाजू धरून चौरस आखा, आणि लांबी-रुंदीच्या दोऱ्यांवर आणखी दोन चौरस आखा. मोठा एक बरोबर लहान दोन. त्यांना यज्ञवेदी बांधायच्या होत्या. आकार तोच ठेवून क्षेत्र दुप्पट करायचं, दोन चौरसांच्या ऐवजी तेवढाच एक चौरस करायचा, असले प्रश्न त्यांच्यापुढे होते. म्हणून त्यांना वर्ग म्हणजे जमिनीवरचा खरोखरचा चौरस दिसत होता. आपल्याला दिसतो डोक्यावर बसलेला एक छोटासा '२'. आमच्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आणि हेही सांगायला हवं, अभिमानवाले नाराज झाले तरी: सूत्रात विधान आहे, सिद्धता नाही. ग्रीकांकडे, म्हणजे इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या युक्लिडच्या ग्रंथात, ती पायरी-पायरीने आहे. ज्याचं त्याला द्यावं.

दुसऱ्या दिवशी गड उतरताना वाघबीळच्या अलीकडे एका प्लॉटवर घराची आखणी चाललेली दिसली. पाऊस उघडलेला. एक पन्नाशीचे गवंडीमामा आणि एक पोरगा, हातात दोरी, खुंट्या, फक्कीचा डबा. आम्ही चहाला थांबलो होतो म्हणून बघत बसलो. मामांनी कोपऱ्यातून एका अंगाला बारा फूट मोजले, दुसऱ्या अंगाला सोळा, आणि तिरक्या दोरीत वीस भरेपर्यंत पोराला खुंटी इकडे-तिकडे सरकवायला लावली. वीस भरले. "बसलं गुण्यात."

मी विचारलं, मामा, तीन-चार-पाच का नाही? छोटं पडलं असतं, पटकन झालं असतं. मामांनी माझ्याकडे शहरातून आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "त्ये ल्हान पडतंय ओ. हितं बोटभर चुकलं की फुडं भिंत हातभर जात्या. दोरी जेवढी लांब, तेवढी चूक कमी."

बोला आता! प्रमेयाचा व्यत्यास वापरला (बाजू अशा असतील तर कोन काटकोनच), प्रमाण कायम ठेवून त्रिकोण चौपट केला, आणि मोजमापातल्या चुकीचं काय होतं हेही सांगितलं. आमच्या टेबलावरच्या सात डिग्र्यांपेक्षा या एका वाक्यात जास्त भूमिती होती. मामांना 'का' माहीत होतं असं मी म्हणत नाही. पण बाजू एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

आता गंमत बघा. बारा, सोळा, वीस. हा त्रिकोण कुठेतरी भेटलाय असं मला परत येताना सारखं वाटत होतं, आणि कराडच्या आसपास ट्यूब पेटली. लीलावती! भास्कराचार्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: बत्तीस हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुडापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर मोडला कुठे? उत्तर : बुडापासून बारा हातांवर. उरलेला तुकडा वीस हात. मामांचा त्रिकोण, फक्त फुटांऐवजी हात. ११५० सालचं पुस्तक आणि पन्हाळ्याच्या घाटातली फक्की, आकडे तेच.

आणि हे भास्कराचार्य आपल्याला 'आपले' म्हणून हवे आहेत ना? त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापन केला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मग त्यांनी काय केलंय ते तरी बघा. 'बीजगणित' या ग्रंथात ते १५ आणि २० बाजूंचा काटकोन त्रिकोण देऊन कर्ण विचारतात, आणि तिथेच थांबत नाहीत. ही जी सगळे वापरतात ती रीत, तिची उपपत्तीही सांग म्हणतात. उपपत्ती म्हणजे 'का'. साडेआठशे वर्षांपूर्वी त्यांना फॉर्म्युला पाठ असलेल्यांचा कंटाळा आलेला असावा, अशी माझी आपली समजूत. पुढे १५४५ मध्ये गणेश दैवज्ञ यांनी, म्हणजे मुरूडजवळच्या नांदगावच्या, लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, त्यात याच्या दोन उपपत्ती दिल्या आहेत. एक आकृतीची, एक प्रमाणाची. दोन्ही देतो, भिऊ नका, बिलाच्या कागदावर मावतात.

पहिली. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून ३, ४, ५ बाजूंचे चार सारखे त्रिकोण कापा. त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे गोल फिरवून मांडा. पाचाचा एक मोठा चौरस तयार होतो आणि मधोमध एक चिमुकलं चौकोनी भोक राहतं. भोकाची बाजू किती? ४ वजा ३, म्हणजे १. हिशोब : चार त्रिकोण प्रत्येकी ६, झाले २४, भोक १, एकूण २५. आता भोकाच्या मापाचा तुकडाही कापून घ्या आणि सगळं उचलून पुन्हा मांडा. दोन-दोन त्रिकोण जोडून ३ बाय ४ चे दोन आयत करा. एक उभा ठेवा, त्याच्या शेजारी दुसरा आडवा, दोघांचा तळ एका रेषेत, आणि त्यांच्या खाचेत तो चिमुकला चौरस. जे काही दिसतंय ते म्हणजे चाराचा चौरस आणि त्याला खेटून तिनाचा चौरस. पुठ्ठा तोच, एक कपटा जास्त नाही की कमी नाही. ३ आणि ४ च्या जागी कुठल्याही बाजू घ्या, कात्रीला फरक पडत नाही.

दुसरी मला जास्त आवडते, कारण ती 'वर्गच का' ला थेट भिडते. काटकोनाच्या टोकातून कर्णावर लंब टाका. मोठ्या त्रिकोणाचे दोन तुकडे पडले. हे दोन्ही तुकडे मूळ त्रिकोणाच्याच लहान झेरॉक्स आहेत, कोन तेच. एका झेरॉक्सचा कर्ण म्हणजे मूळची एक बाजू, दुसरीचा कर्ण म्हणजे मूळची दुसरी बाजू. आणि दोन झेरॉक्स मिळून मूळ त्रिकोण पुरता भरतो. आता झेरॉक्सचा नियम काय? लांबी दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट, लांबी तिप्पट तर नऊपट. क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात. क्षेत्रफळांची बेरीज जुळते, म्हणून वर्गांची बेरीज जुळते. संपलं. त्रिकोण ही सपाट गोष्ट, ती क्षेत्रफळाने भरते, म्हणून वर्ग. घन नाही, नुसती बाजू नाही. (हसलेल्या मंडळींनी मित्राला एक मिसळ देणं लागतं.)

आणि एकदा हे कळलं की बाजूंवर चौरसच कशाला काढायला हवेत? कुठलाही आकार चालेल, तिन्हीकडे एकाच घाटाचा हवा एवढंच. भाकरी चालेल! सहा इंची भाकरी आणि आठ इंची भाकरी मिळून बरोबर एक दहा इंची भाकरी, जाडी सारखी असेल तर. पन्हाळ्यावर मावशी म्हणाल्या, मोठी एक घ्या नाहीतर लहान दोन, पैसे तेच. तर मोजपट्टी नको. तिन्ही भाकऱ्यांच्या व्यासांएवढ्या तीन काड्या घ्या आणि त्रिकोण करा. मोठ्या काडीसमोरचा कोन काटकोन आला तर सौदा बरोबरीचा. काटकोनापेक्षा मोठा आला तर मोठी भाकरी घ्या. लहान आला तर दोन लहान. पायथागोरसचं नाव घ्यायची गरज नाही, बौधायनाचंही नाही.

हे सगळं शाळेत शिकवत नाहीत का? गंमत अशी की दहावीच्या पुस्तकात समरूप त्रिकोणांची ही सिद्धता व्यवस्थित छापलेली आहे. पुस्तकाला दोष देऊन चालणार नाही. कोल्हापुरातली माझी भाची दहावीत आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, मामा, ती 'कृती पूर्ण करा' ला येते, चौकटी भरायच्या असतात, मला सगळ्या चौकटी येतात. पहिल्या चौकटीत काय, दुसरीत काय, तिने न अडखळता सांगितलं. मग सिद्ध काय झालं? "समरूपतेवरून." अगं पण काय? "मामा, ते विचारत नाहीत."

मार्क पूर्ण मिळणार तिला. आणि आणखी बारा वर्षांनी ती अशाच एखाद्या टेबलावर आरती म्हणेल. क्लासवाल्यांना बोलून उपयोग नाही, जे विचारतात त्याची ते तयारी करून घेतात. माझा राग आहे तो आपल्यासारख्या आईबाप-मामा-काकांवर, जे मुलांना ऑलिंपियाड, कोडिंग, अबॅकस, वैदिक गणित अशा सगळ्या क्लासांना घालतात आणि मुलाने 'वर्गच का' विचारलं की 'आधी चौकटी भर' म्हणतात.

"पण कळून करायचंय काय? फंक्शन आहे की लायब्ररीत." हा आमच्या धंद्यातला लाडका युक्तिवाद. बरं, एक प्रश्न. गडाखालून वर येणारा रस्ता घ्या, नकाशावर आडवं अंतर ३ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर समजा, सोयीसाठी सरळ उतार धरा. चढामुळे प्रत्यक्ष चालायचं अंतर किती वाढलं? ग्रुपमध्ये विचारून बघा. कुणी दोनशे मीटर म्हणेल, कुणी अर्धा किलोमीटर. खरं उत्तर : पंधरा मीटर. दम तीनशे मीटरचा लागतो, अंतर पंधराचंच वाढतं.

आता उलटीकडून. गॅलरी सोडा, गच्चीवर वीस मीटरची कपडे वाळत घालायची दोरी ताठ बांधलीये. तिच्याऐवजी फक्त दोन सेंटीमीटर जास्त लांबीची दोरी बांधली आणि मधोमध एक ओली चादर टाकली. मधला भाग किती खाली येईल? जवळजवळ पंचेचाळीस सेंटीमीटर! दोन सेंटीमीटरच्या ढिलाईने चादर हातभर खाली. हा तोच घाटाचा त्रिकोण आहे. एक बाजू लांबलचक आणि दुसरी बारीक असेल तर कर्ण जेमतेम वाढतो. म्हणजेच कर्ण जेमतेम वाढला तर बारीक बाजू भसकन मोठी होते. सज्जाकोठीवरून क्षितिज कुठपर्यंत दिसेल हा हिशोबही हाच. मधे डोंगर नाहीत आणि आपण सपाटीपासून ३०० मीटर वर आहोत असं धरलं, तर सुमारे ६२ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, तिच्यात पाव-एक किलोमीटरची भर, आणि नजर साठ किलोमीटर पुढे. फंक्शन तुम्हाला प्रत्येक वेळी बरोबर आकडा देईल. पण घाट, दोरी आणि क्षितिज ही एकच गोष्ट आहे हे फंक्शन सांगत नाही.

आणि फंक्शन कुठे चालत नाही, हेही ते सांगत नाही. भाचीला मी एक चेंडू दिला. उत्तर ध्रुवावरून सरळ खाली विषुववृत्तापर्यंत या, काटकोनात वळा, विषुववृत्ताचा पाव फेरा मारा, पुन्हा काटकोनात वळून ध्रुवावर जा. तिन्ही कोन काटकोन, तिन्ही बाजू सारख्या. यात कर्ण कुठला? तिने स्केचपेनने रेघा मारल्या, बराच वेळ चेंडू फिरवला आणि म्हणाली, "मग पायथागोरस पडला की!" हो, चेंडूवर पडला. तो सपाट जमिनीचा नियम आहे. वरच्या त्या झेरॉक्सच चेंडूवर निघत नाहीत. त्रिकोण लहान केला की कोनही बदलतात. 'का' माहीत असेल तर 'कुठे नाही' तेही कळतं, बोनस म्हणून.

आमच्या आधीच्या कंपनीत 'तुमच्या पाच किलोमीटरच्या आतली दुकानं' असं एक फीचर होतं. अक्षांशातला फरक, रेखांशातला फरक, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, एका अंशाला १११ किलोमीटर. आरती जशीच्या तशी कोडमध्ये. टेस्टिंग बंगळूरात झालं. तिथे रेखांशाचा अंश साधारण १०८ किलोमीटरचा असतो, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. मग लंडनचा क्लायंट आला. तिथे रेखांशाचा अंश जेमतेम ६९ किलोमीटरचा. पूर्व-पश्चिमेला खरोखर पाच किलोमीटरवर असलेली दुकानं आमच्या हिशोबात आठ किलोमीटरवर गेली आणि यादीतून गायब झाली. उत्तर-दक्षिणेची सगळी जागच्या जागी. तीन आठवडे डेटाबेसवर संशय, मग नेटवर्कवर, मग क्लायंटच्या डेटा एंट्रीवर. फॉर्म्युल्याकडे कुणी बघेना, कारण तो तर सातवीपासून बरोबरच आहे ना! शेवटी फिक्स म्हणून रेखांशाच्या फरकाला कोसाइनने गुणलं. एका ओळीचा बदल. तो का केला, हे कॉमेंटमध्ये अजूनही कुणी लिहिलेलं नाही.